आधी कागद सांगा, मग चित्र मागा

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कथाचित्रं आणि मांडणी करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. बहुतेक चित्रं आता टॅब्लेटवर तयार होतात, फोनवरून प्रवास करतात आणि अंक स्टॉलवर येण्याआधीच हजारो लोकांच्या पडद्यावर पोचतात. चित्र मागण्याची, तपासण्याची आणि त्याचे हक्क ठरवण्याची आपल्याकडची रीत मात्र जुनीच राहिली आहे. त्यातून होणारं नुकसान आम्हाला दर वर्षी छापील पानावर दिसतं, आणि त्यातलं बरंचसं एका कागदावर चार ओळी लिहिल्या तर टळू शकतं.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कित्येक दशकं चित्र आणि छपाई यांच्यामध्ये जाणकार माणसं उभी होती. ब्लॉकमेकर रेघांच्या चित्राचा लाइन ब्लॉक करायचा, छटांच्या चित्राचा हाफटोन ब्लॉक, म्हणजे बारीक ठिपक्यांतून छटा दाखवणारा. ऑफसेटच्या काळात प्रोसेस कॅमेरा आणि स्कॅनर चालवणारे आले, फिल्मवर हात फिरवणारे रिटचर आले, छपाईआधी रंगांची नमुना-प्रत, म्हणजे प्रूफ, काढणारे आले. चार रंगांच्या प्लेटांचं गणित चित्रकाराला येत नसलं तरी चालायचं, कारण ते येणारा माणूस पुढे बसलेला असायचा. आता पीडीएफ थेट सीटीपी (संगणकातून प्लेट करणाऱ्या) यंत्राकडे जाते आणि प्लेट बाहेर पडते. ही माणसं साखळीतून गेली, त्यांचं काम मात्र शिल्लक आहे. चित्रकाराला वाटतं ते प्रेस करेल, प्रेसला वाटतं मांडणीकाराने केलं असेल, आणि मांडणीकाराला फाइल मिळते रात्री अकरा वाजता, फोनवर.

पहिली गोष्ट आकाराची. ‘ए-फोरमध्ये करा, मग बघू’ असं सांगून चित्र मागवू नका. समजा अंकाचा कापलेला आकार ७.२५ × ९.५ इंच, म्हणजे सुमारे १८४ × २४१ मिमी आहे. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं तर चित्र १९० × २४७ मिमी हवं, आणि इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने ते साधारण २२४५ × २९२० पिक्सेल होतं. पुढचं-मागचं मुखपृष्ठ एकसंध हवं असेल तर मध्ये कण्याची जाडी येते. ती अंदाजाने सांगू नका. छपाईचा कागद आला की पानांच्या संख्येच्या निम्मे कागद घेऊन गठ्ठा दाबून मोजा. २०० पानी अंक ७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे चकाकी नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर, असेल तर कणा ९ मिमीच्या आसपास येतो, पण कागदाची गिरणी बदलली की यात मिलिमीटरभर फरक पडतो. तेवढ्याने कण्यावरचं नाव पुढच्या पानावर घसरतं. परफेक्ट बाइंडिंगमध्ये (पानं कण्याला चिकटवतात त्या बांधणीत) आतल्या बाजूचे १० ते १२ मिमी नीट दिसत नाहीत. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात चेहरा तिथे येऊ नये, हे चित्र सुरू होण्याआधीच सांगावं लागतं.

आकार आधी कळण्याला आणखी एक कारण आहे. टॅब्लेटवरच्या काही चित्रकला अ‍ॅपमध्ये कॅनव्हास जितका मोठा, तितके लेअर (चित्राचे थर) कमी मिळतात. निम्म्या आकारात पूर्ण झालेलं चित्र नंतर ताणून मोठं करता येत नाही. हल्लीची मोठं करून देणारी साधनं रिकाम्या जागी स्वतःचा पोत भरतात. जलरंगाचा ओघळ प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत होतो, रेघेची थरथर नाहीशी होते, बोटांची नखं भलतीच येतात. आणि फाइलवर ‘७२ डीपीआय’ (इंचाला ठिपके) लिहिलेलं पाहून ती परत पाठवू नका. तो आकडा नुसती खूण आहे. बघायचे ते पिक्सेल. २२४५ × २९२० पिक्सेल असतील तर ७२ वर असो की ३०० वर, चित्र तेच आहे.

फोनचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसतं आणि जेपेगमध्ये पुन्हा दाबलं जातं. २४७ मिमी उंचीच्या मुखपृष्ठावर ते इंचाला जेमतेम १६५ पिक्सेल भरतं. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही, म्हणून तीच प्रत मांडणीत जाते. घाई असली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हची लिंक घ्या. छपाईची फाइल टिफ किंवा पीएसडी असावी. फोटो म्हणून आलेली प्रत फक्त मंजुरीसाठी, असा नियमच करा आणि तिच्या नावात ‘पाहण्यासाठी’ असं लिहा, म्हणजे मांडणीत चुकून ती घुसणार नाही.

आता रंग, जिथे सगळ्यात जास्त वाटोळं होतं. पडदा उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. पडद्यावरचा झगझगीत निळा, पोपटी, फिरोजी आणि काही नारिंगी सियान (आकाशी), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा या चार शाईंतून (सीएमवायके) निघतच नाहीत. दिवाळीचं मुखपृष्ठ म्हटलं की गडद निळी रात्र आणि पेटती पणती हा ठरलेला मेळ, आणि नेमका हाच मेळ छपाईत दगा देतो. पडद्यावरचा शुद्ध निळा शाईत उतरला की जांभळट होतो, कारण सियानच्या जवळजवळ बरोबरीने मजेंटा येतो. निळा निळाच राहायला हवा असेल तर मजेंटा सियानपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा, उदाहरणार्थ सियान १०० आणि मजेंटा ६५. ज्योतीच्या नारिंगीत सियानचा अंशही नको. पिवळा १०० आणि मजेंटा ३० ते ६० इतकंच पुरतं. खरी अडचण ज्योतीभोवतीच्या आभेत असते. नारिंगी आणि निळा परस्परविरोधी असल्याने एकातून दुसऱ्यात सरळ उतरणारी छटा मध्ये मळकट करडी होते. ती किरमिजी-जांभळ्यातून वळवून नेली तर स्वच्छ राहते. मोठ्या आकाशात पट्टे दिसत असतील तर त्या भागात एक-दोन टक्के नॉइज (बारीक दाणा) मिसळला की ते मोडतात.

शाईच्या एकूण प्रमाणाला मर्यादा आहे, हे अनेक चित्रकारांना कोणी सांगितलेलंच नसतं. चारही रंगांच्या टक्केवारीची बेरीज आर्ट पेपरवर (गुळगुळीत लेपाच्या कागदावर) साधारण ३०० ते ३३०, मॅपलिथोवर २६० ते ३००, आणि न्यूजप्रिंटवर २४० पर्यंतच झेपते. त्यापुढे शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीवर तिचा छाप उठतो, कागद एकमेकांना चिकटतात आणि प्रेस मशीन थांबवून जास्त पावडर मारते, त्याने पान खरखरीत होतं. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडून ‘टोटल एरिया कव्हरेज’वर ३०० घातलं की मर्यादेबाहेरचे भाग वेगळ्या रंगात दिसतात. दोन मिनिटांचं काम आहे.

म्हणूनच आमचं म्हणणं, आधी कागद सांगा. मुखपृष्ठ २५० किंवा ३०० जीएसएम आर्ट कार्डवर आहे की नाही, लॅमिनेशन ग्लॉस की मॅट, आतले कथाचित्रांचे कागद कोणते. मॅट लॅमिनेशन गडद भाग फिके करतं, ग्लॉस ते खोल करतं. मॅपलिथो शाई पिऊन घेतो आणि छपाईचा ठिपका फुगतो. ५० टक्क्यांची छटा आर्ट पेपरवर ६५ च्या आसपास दिसते, मॅपलिथोवर ७० च्या पुढे जाते. आतलं करड्या छटांचं चित्र म्हणून मुद्दाम उजळ करावं लागतं. सर्वात गडद भाग ८५-९० टक्क्यांवर थांबवावा, नाहीतर केस, साडी आणि रात्र एकाच काळ्या डागात मिसळतात. ६० जीएसएमच्या कागदावर भरगच्च काळं चित्र पाठच्या पानावर दिसतं आणि तिथली कविता वाचवत नाही. हे कळलं तर चित्रकार चित्रच रेघांचं करेल.

रेघांच्या चित्राची रीत निराळी आहे. पेन-शाईचं चित्र ३०० पिक्सेलच्या ग्रेस्केलमध्ये दिलं तर त्याच्यावरही छटांसाठीच्या ठिपक्यांची जाळी पडते आणि रेघेची कड ठिपक्यांची होते. ते एक-बिट (नुसतं काळं-पांढरं), १२०० पिक्सेल प्रति इंच टिफमध्ये द्यावं. पूर्ण पानाचं असं चित्र ८७०० × ११४०० पिक्सेल होतं, ऐकायला प्रचंड वाटतं, पण दाबल्यावर फाइल ईमेलने सहज जाते. रेघ कोरीव येते, जुन्या लाइन ब्लॉकसारखी.

रंगांचं रूपांतर एकदाच व्हावं, एकाच माणसाने करावं, आणि प्रेसने दिलेल्या आयसीसी प्रोफाइलनेच (रंग कसे उतरतील हे सांगणाऱ्या फाइलने) करावं. आमचा सल्ला असा: चित्रकाराने आरजीबीमध्येच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) काम करावं, पण प्रेसचं प्रोफाइल घेऊन सॉफ्ट-प्रूफ (छपाईतला रंग पडद्यावरच दाखवणारी सोय) चालू ठेवावं. फोटोशॉपमध्ये ही सोय आहे, क्रितामध्ये फुकट आहे. फाइल द्यावी ती प्रोफाइल जोडलेली. आयपॅडवरच्या चित्रांना बरेचदा डिस्प्ले पी-थ्री हे जास्त रंग धरणारं प्रोफाइल असतं. वाटेत ते गळून पडलं आणि पुढच्याने फाइल एसआरजीबी (त्याहून कमी रंग धरणारं, वेबवरचं नेहमीचं प्रोफाइल) समजून उघडली की सगळं चित्र फिकं दिसतं. मग कोणीतरी अंदाजाने रंग वाढवतो, आणि चित्रकाराने ठरवलेले संबंध तिथेच मोडतात. सीएमवायकेतून आरजीबीत आणि पुन्हा सीएमवायकेत अशा फेऱ्या तर टाळाच.

काळ्या रंगासाठी मांडणीकारांना खास विनंती. आरजीबीतला काळा फोटोशॉपच्या अमेरिकी धाटणीच्या ठरीव सेटिंगने रूपांतरित केला की तो सियान ७५, मजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असा चार शाईंचा होतो. मोठ्या पृष्ठभागाला ते चालेल. अक्षरांना मुळीच नाही. देवनागरीत शिरोरेषा सलग, आणि रफार, अनुस्वार, उकार बारीक. प्लेट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने सरकली तरी अक्षराला लाल-निळी किनार येते आणि ८ पॉइंटचं श्रेयनामावलीचं पान वाचता येत नाही. अक्षर फक्त काळा १०० आणि ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच छापलेलं). खोल काळी पार्श्वभूमी हवी असेल तर सियान ६०, मजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००, बेरीज २४०. सोनेरी फॉइल असेल तर त्याची वेगळी व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांची) फाइल, रेघ पाव मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

चित्रातल्या अक्षरांबद्दल थोडं. हाताने काढलेलं शीर्षक हे मराठी अंकांचं वैभव होतं आणि टॅब्लेटने ते पुन्हा सोपं केलं आहे, त्याला जागा द्या. फॉन्ट वापरणार असाल तर युनिकोड वापरा. जुन्या एन्कोडिंगच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर रोमन चिन्हांचा ढिगारा होतो आणि ई-अंकात शोधता येत नाही. मांडणीच्या इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते आणि जोडाक्षरं फुटतात. भाषा मराठी ठेवली तर चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात. प्रेसला देण्याच्या प्रतीत अक्षरांचे आउटलाइन (फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकृत्या) करा, मूळ फाइल जपून ठेवा.

प्रूफशिवाय मुखपृष्ठ छापू नका. ऑफिसच्या कलर लेझरची प्रत हे प्रूफ नव्हे, कारण टोनर आणि शाई यांचा काही संबंध नाही. कॅलिब्रेट केलेल्या इंकजेटवर, प्रेसच्याच प्रोफाइलने काढलेली प्रत हवी, आणि ती ५००० केल्विनच्या प्रकाशात पाहायला हवी. पिवळ्या बल्बखाली निळा मंजूर करू नका. प्रूफवर चित्रकाराची सही घ्या. तो नाशिकला किंवा मडगावला असेल तर कुरिअरने पाठवा. सही झालेलं प्रूफ मशीनजवळ ठेवायला सांगा आणि पहिला नीट आलेला छापील कागद त्याच्याशी ताडून घ्या. एका प्रूफचा खर्च आणि मुखपृष्ठ पुन्हा छापण्याचा खर्च यांची तुलना तुम्हालाच जास्त चांगली करता येईल.

चित्राच्या समाजमाध्यमांवरच्या प्रवासासाठी वेगळी फाइल करा. सीएमवायके जेपेग ब्राउझरमध्ये भडक किंवा मेलेली दिसते, एसआरजीबीमध्येच द्या. चौकोनी कापताना कोपऱ्यातली सही हटकून जाते. बहुतेक व्यासपीठं फाइलमधली लेखक-माहितीही पुसून टाकतात. मग ते मुखपृष्ठ निनावी फिरतं. मुखपृष्ठाच्या पहिल्या पोस्टच्या पहिल्या ओळीत चित्रकाराचं नाव असावं, आणि कापण्याचं काम चित्रकाराकडूनच करून घ्यावं. १०८० × १३५० पिक्सेलची एक उभी प्रत मागितली की झालं. पडदावाचकावर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीवर) ऐकणाऱ्यांसाठी चित्राचं दोन ओळींचं वर्णनही सोबत द्या.

हक्कांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चित्र कागदावर होतं तेव्हा मूळ प्रत परत आली की व्यवहार संपला, असं दोन्ही बाजू मानायच्या. फाइल परत करता येत नाही. तीच फाइल पुढच्या वर्षी कॅलेंडरवर, ई-अंकात, टी-शर्टवर, कथेच्या ऑडिओ आवृत्तीच्या मुखचित्रावर दिसते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ यात काय म्हणतो ते दोघांनीही वाचावं. कलम १७ (ख) नुसार मोबदला देऊन करून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, करून घेणारा असतो. ‘काही लिहिलं नाही म्हणजे हक्क माझेच’ हा चित्रकारांचा समज म्हणून धोक्याचा आहे. रेखाचित्राला हे कलम लागू होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण वाद घालायची वेळ कोणावरच का यावी? दुसरीकडे, ‘पैसे दिले म्हणजे सगळंच आमचं’ हेही खरं नाही. जिथे हक्क चित्रकाराकडे आहेत तिथे कलम १९ प्रमाणे त्यांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच होतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अमेरिकेतल्या मराठी मंडळांना ई-अंक विकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम १८ म्हणतं की करार झाला तेव्हा वापरात नसलेलं माध्यम स्पष्ट नमूद केलेलं नसेल तर त्याला तो करार लागू होत नाही. आणि कलम ५७ प्रमाणे नाव मिळण्याचा, तसंच प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क, बाकी सगळे हक्क विकल्यावरही चित्रकाराकडेच राहतो.

आम्हाला हवा आहे तो पूर्ण विक्रीचा करार नव्हे, वापराचा परवाना: अमुक वर्षाचा छापील अंक, त्याची ई-आवृत्ती, आणि अंकाच्या जाहिरातीसाठी समाजमाध्यमं. बाकी कशासाठीही पुन्हा विचारणा आणि वेगळा मोबदला. अर्ध्या पानात मावतं. कच्चा आराखडा मंजूर होऊन काम रद्द झालं तर ठरलेल्या रकमेचा एक तृतीयांश द्यावा, हेही त्यातच लिहा.

जुन्या चित्रांचंही हेच. स्कॅन करून फिरणारी जुनी मुखपृष्ठं ‘इंटरनेटवर मिळाली’ म्हणून वापरली जातात. कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं टिकतो. मुखपृष्ठांसाठी गाजलेले चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट २०३१ अखेरपर्यंत जिवंत आहे, आणि तो ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी लागते. सन्मान म्हणून छापलं, हे कारण पुरत नाही.

यंत्राने तयार केलेल्या चित्रांबद्दल आमची भूमिका ठाम आहे. ती वापरायची की नाही हा तुमचा निर्णय, पण वापरली तर श्रेयनामावलीत तसं छापा. वाचक मुखपृष्ठावर माणसाचं काम आहे असं समजून अंक हातात घेतो. चित्रकाराने दिलेला कच्चा आराखडा यंत्रात घालून ‘पूर्ण’ करून घेणं, किंवा हयात चित्रकाराचं नाव देऊन ‘यांच्यासारखं’ काढून घेणं, हे आम्हाला मान्य नाही. चित्रकारांकडूनही तुम्ही खात्री मागावी: आराखडा, लेअर असलेली फाइल, मधल्या दोन टप्प्यांच्या प्रती. प्रामाणिक माणसाला त्यात अडचण नसते.

शेवटी वेळापत्रक. लक्ष्मीपूजन कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतं, कधी अधिक महिन्यामुळे नोव्हेंबरमध्ये सरकतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ते ८ नोव्हेंबरला आहे. तारीख पुढे गेली म्हणून कामही पुढे ढकललं जातं आणि आदल्या महिन्यात सगळे अंक एकाच वेळी प्रेसवर धडकतात. मुखपृष्ठाची विचारणा लक्ष्मीपूजनाच्या किमान सोळा आठवडे आधी करा, आराखड्याला तीन आठवडे द्या, पूर्ण चित्राला चार, रूपांतर आणि प्रूफला दोन. विचारणेच्या पत्रातच कापलेला आकार, ब्लीड, कागद आणि त्याचं वजन, लॅमिनेशन, प्रेसचं प्रोफाइल, शाईची मर्यादा, वापराचा परवाना, मोबदला आणि तो देण्याची तारीख लिहा. प्रोफाइल आणि शाईची मर्यादा तुम्हाला माहीत नसेल तर प्रेसच्या प्रीप्रेस (छपाईपूर्व तयारीच्या) विभागाला फोन करा. त्यांनाही सांगता आली नाही, तर मुखपृष्ठ दुसऱ्या प्रेसला द्यायचं का, हे ठरवायला तेव्हा हातात वेळ असेल.

आपले,
दिवाळी अंकांसाठी काम करणारे काही चित्रकार आणि मांडणीकार